मोठे एंजिन, लहान सांगाडा

मोटारीविषयी आमच्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : एंजिन केवढे आहे? गेल्या विज्ञान-प्रदर्शनात दहावीच्या एका विद्यार्थ्याने जुळणीच्या मोटारीचा, म्हणजे जिला किट कार म्हणतात तिचा, आराखडा काढून भिंतीवर लावला होता. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार चाके, दोन आसने आणि पुढे चार सिलिंडरांचे लहानसे एंजिन. आराखडा नेटका होता, मापे व्यवस्थित घातलेली होती. परंतु पाहावयास आलेल्या पालकांपैकी बहुतेकांनी त्याला हेच विचारले, "बाळ, यात याहून मोठे एंजिन बसेल की नाही?" आणि तोही दर वेळी उत्साहाने सांगत होता, "बसेल की! पुढे पुष्कळ जागा आहे."

जागा आहे म्हणून एंजिन बसते, ही समजूत केवळ विद्यार्थ्यांचीच आहे असे नाही. चांगल्या चांगल्या मिस्त्र्यांचीही ती आहे, आणि तिच्यापायी माणसे रस्त्यावर प्राणांस मुकतात. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले. मोठ्या एंजिनाची हौस वाईट, असे मात्र आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. ती हौस नसती तर मोटारीचा इतिहास फार नीरस झाला असता.

जुळणीच्या मोटारीचा जन्म करातून झाला, हे वाचकांस कदाचित गमतीचे वाटेल. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात कारखान्यातून तयार होऊन निघणाऱ्या मोटारीवर भारी खरेदी-कर असे. तीच मोटार सुट्या भागांच्या रूपाने विकत घेऊन घरी जुळविली, तर तो कर द्यावा लागत नसे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली 'सेव्हन' नावाची दोन आसनी मोटार काढली, ती बहुतांशी अशीच सुट्या भागांत विकली जाई. सोबत जुळणीच्या सूचना देण्यास मनाई होती. तेव्हा चॅपमन यांनी मोटार खोलावी कशी याच्या सूचना छापून दिल्या आणि ग्राहकांनी त्या शेवटाकडून आरंभाकडे वाचल्या, असे सांगतात. १९७३ साली तेथे मूल्यवर्धित कर आला, सवलत संपली. आणि त्याच वर्षी सेव्हन बनविण्याचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले.

पहिल्या सेव्हनमध्ये फोर्ड कंपनीचे ११७२ घनसेंटिमीटरांचे साधे एंजिन असे. त्याची शक्ती सुमारे चाळीस अश्वशक्ती. मोटारीचे वजन अर्ध्या टनाच्या आतबाहेर, त्यामुळे तेवढ्यावरही ती हरिणीसारखी पळे. तरीही मालकांचे समाधान होईना. १९६१ साली १३४० घनसेंटिमीटरांची 'सुपर सेव्हन' आली, पुढच्याच वर्षी १५०० ची आली. एंजिने वाढत गेली आणि तक्रार निघाली ती भलतीकडेच : मागच्या ॲक्सलमधून. दुसऱ्या मालिकेतील सेव्हनला स्टँडर्ड कंपनीच्या लहान मोटारीचा ॲक्सल लावलेला असे. त्याच्या मधल्या पेटीवर वाढलेला पीळ येऊ लागला, तसे तिच्यातून तेल झिरपू लागले आणि कित्येक पेट्यांना तडे गेले. १९६८ साली तिसरी मालिका आली ती फोर्डचा दणकट ॲक्सल घेऊनच.

असे का व्हावे, हे गणिताने सहज कळते. एंजिनाच्या दांड्यावरचा पीळ, ज्याला कारखान्यात टॉर्क म्हणतात, तो १०० न्यूटन-मीटर आहे असे धरू. पहिल्या गिअरमध्ये तो साडेतीनपट होतो, मागच्या ॲक्सलमधील दातेरी चक्रांत आणखी चौपट होतो. म्हणजे चाकांकडे जाणारा पीळ झाला १४०० न्यूटन-मीटर. आता एंजिन बदलून २५० न्यूटन-मीटरचे बसविले, तर त्याच ॲक्सलला ३५०० सोसावे लागतील. एंजिनाजवळ फरक दिसतो दीडशेचा, ॲक्सलजवळ तो एकवीसशेचा होतो. क्लच, गिअरपेटी, मधला दांडा, सांधे, सर्वांना आपापला वाटा उचलावा लागतो. आणि यांतील जो कोणी सर्वांत दुबळा असेल तो प्रथम मोडतो. मोठे एंजिन हे आपल्याकडील जावयासारखे आहे. तो एकटा येत नाही, आणि त्याच्या एकट्याच्या पानाची सोय करून भागत नाही.

परंतु ॲक्सल मोडला तर मोटार थांबते, एवढेच. त्याहून घातक आहे ते सांगाड्याचे दुखणे, कारण ते दिसत नाही. आठवी-नववीच्या भूमितीत आपण शिकतो की, तीन बाजूंची लांबी ठरली म्हणजे त्रिकोण ठरला. चौकोनाचे तसे नाही. चार पट्ट्या चार खिळ्यांनी जोडून चौकट करा आणि एका कोपऱ्याला बोटाने ढकला, चौकट लवंडते. तिच्यात एक तिरपी पट्टी ठोका. आता सगळे वजन टाकले तरी ती हलत नाही. शेताच्या फाटकाला तिरपी पट्टी असते ती याच कारणाने. सेव्हनसारख्या मोटारीचा सांगाडा म्हणजे असे अनेक त्रिकोण एकमेकांस जोडून केलेली जाळी होय. तिच्या नळ्या जेमतेम इंचभर जाडीच्या आणि पातळ पत्र्याच्या असतात. तिचे सारे बळ नळ्यांच्या जाडीत नसून त्रिकोणांत आहे.

आता मोठे एंजिन आत उतरविताना काय घडते ते पाहा. धुराची नळी बाजूने बाहेर काढावयाची आहे आणि नेमकी तेथेच एक तिरपी नळी आडवी येते. मिस्त्री म्हणतो, "एकच तर नळी आहे, कापून टाकू." त्याने नळी कापली नाही, त्रिकोण कापला. तिच्या जागी दुसरीकडून आधार दिला तर ठीक. तो न दिला तर मोटार वळण घेताना सांगाडा पिळवटतो, चाकांचे कोन बदलतात आणि जोडांना रोज थोडा थोडा ताण बसून शेवटी तडा जातो. हे त्या दिवशी होत नाही. सहा महिन्यांनी होते, आणि तेव्हा मिस्त्री जवळ नसतो.

एंजिनाच्या तळाशी तेलाचे भांडे असते, ज्याला आपल्याकडील कारागीर चेंबर म्हणतात. मोठ्या एंजिनाचे चेंबर खोल असते आणि सेव्हनची उंची तर कमरेएवढीही नाही. म्हणून ते कापून उथळ करतात. उथळ केले की तेल कमी मावते आणि जोराच्या वळणात ते एका बाजूस सरकून शोषनळी कोरडी पडते. तेलावाचून बेअरिंगे काही क्षणांतच होरपळतात. म्हणून शर्यतीच्या मोटारींत तेलाची टाकी निराळी ठेवतात. रेडिएटरचेही तसेच. जास्त पेट्रोल जाळावयाचे तर जास्त उष्णता बाहेर टाकावयास हवी, हे सांगावयास नको.

वजनाची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण तीत पुष्कळांची फसगत होते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २२४ सेंटिमीटर आहे, आणि नवे एंजिन जुन्यापेक्षा ५० किलो जड असून त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या रेषेपासून ४५ सेंटिमीटर मागे आहे, असे समजा. तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवर ५० गुणिले १७९ भागिले २२४, म्हणजे सुमारे ४० किलो भार वाढला. पाचशे किलोच्या मोटारीत हे थोडे नव्हे. स्टिअरिंग जड होते, पुढच्या स्प्रिंगा दबतात, आणि वळणात मोटार वळावयाचे सोडून सरळ जाऊ पाहते. इंग्लंडच्या एम. जी. कंपनीला हा अनुभव आला. तिच्या 'बी' मोटारीत १७९८ घनसेंटिमीटरांचे एंजिन होते. १९६७ साली तिच्या जागी बिडाचे, जवळजवळ तीन लिटरांचे, सहा सिलिंडरांचे एंजिन घालून 'एम. जी. सी.' काढण्यात आली. नाक जड झाल्याची टीका तिच्यावर झाली आणि १९६९ साली ती बंद पडली. पुढे १९७३ साली त्याच 'बी' मोटारीत रोव्हर कंपनीचे साडेतीन लिटरांचे, आठ सिलिंडरांचे एंजिन बसविण्यात आले. ते आधीच्या तीन लिटरांच्या एंजिनाहून मोठे, परंतु ॲल्युमिनियमचे. त्यामुळे मूळच्या लहान एंजिनाहून जड असे ते नव्हतेच. तेव्हा एंजिन मोठे म्हणजे जड, असा नियम नाही. तराजूवर घातल्यावाचून बोलू नये.

आता ज्या मोटारीचे नाव या विषयात सर्वांच्या तोंडी असते तिच्याकडे वळू. १९५९ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणारे अमेरिकन चालक कॅरोल शेल्बी यांना हृदयविकारामुळे शर्यती सोडाव्या लागल्या. १९६१ साली त्यांनी इंग्लंडच्या ए. सी. कंपनीला पत्र लिहिले. या कंपनीच्या 'एस' मोटारीला ब्रिस्टल कंपनीची दोन लिटरांची एंजिने मिळत, ती मिळणे बंद होत आले होते. शेल्बींनी विचारले की, तुमच्या सांगाड्यात अमेरिकन व्ही-आठ एंजिन बसेल काय? फोर्डचे नवे, पातळ ओतीव भिंतींचे, म्हणून आकाराच्या मानाने हलके असे एंजिन त्यांना मिळाले. १९६२ च्या आरंभी एंजिनावाचूनची मोटार विमानाने अमेरिकेस गेली आणि तेथे शेल्बींच्या माणसांनी काही तासांतच तीत ४.२ लिटरांचे एंजिन बसवून ती रस्त्यावर आणली. हीच 'कोब्रा'. आज जगभर जुळणीच्या मोटारींत जिच्या सर्वाधिक नकला होतात अशांपैकी ती एक आहे.

"काही तासांत" हे दोन शब्द आमच्या मते फार अनर्थ करून बसले आहेत. ही कथा वाचून प्रत्येकास वाटते की, कप्पी आणि साखळी हाती असली म्हणजे एका दुपारचे काम. परंतु मोटार इंग्लंडातून निघण्यापूर्वीच ए. सी. कंपनीने तिचा मागचा ॲक्सल बदलून अधिक बळकट केला होता, मागचे ब्रेकही बदलले होते, ही गोष्ट कथा सांगणारा सांगत नाही. पुढे एंजिन ४.७ लिटरांचे झाले, तसे जुने स्टिअरिंगही काढून दुसऱ्या धर्तीचे बसवावे लागले. आणि जेव्हा सात लिटरांचे एंजिन घालावयाचे ठरले, तेव्हा जुना सांगाडा उपयोगी पडेना. १९६५ साली आलेल्या त्या कोब्राच्या मुख्य नळ्या तीन इंचांऐवजी चार इंच व्यासाच्या केल्या, आडव्या कमानपाट्यांच्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्या, अंग रुंद झाले. नाव तेच राहिले, दिसणे पुष्कळसे तेच राहिले. मोटार दुसरी होती. ज्यांनी स्वतः हा उद्योग करून कीर्ती मिळविली, त्यांनाही शेवटी सांगाडाच नवा करावा लागला, हे आमच्या विद्यार्थ्याने त्या आराखड्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.

ब्रेकविषयी अद्याप आम्ही बोललो नाही, कारण त्याविषयी आमचे मत जरा आग्रही आहे. मोठे एंजिन बसविण्यापूर्वी मोठे ब्रेक बसवावेत. आधी, नंतर नव्हे. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार थांबविताना ब्रेकला जेवढी उष्णता झेलावी लागते, तिच्या सव्वादोनपट उष्णता ९० च्या वेगाला झेलावी लागते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग दीडपट, ऊर्जा सव्वादोनपट. बेळगावाहून गोव्याला चोर्ला घाटाने जाणाऱ्या कोणासही विचारा. उतरताना एंजिन केवढे आहे याची चौकशी कोणी करीत नाही. तापलेले ब्रेक पायाखाली सैल पडू लागले म्हणजे काय वाटते, ते ज्याने अनुभवले तो जन्मात विसरत नाही.

आपल्या रस्त्यांवरही असे प्रयोग झाले आहेत. ॲम्बॅसडर कोणास ठाऊक नाही? १४८९ घनसेंटिमीटरांच्या एंजिनावर ती वर्षानुवर्षे चालली. १९९० नंतरच्या दशकात तिच्यात इसुझू कंपनीचे १.८ लिटरांचे एंजिन आले, आणि त्याबरोबर पाच गतींची गिअरपेटीही आली. जुन्या देहात नवे हृदय घालण्याचे हे काम कारखान्याने केले, म्हणून ते निभावले. १.८ लिटरांचेच इसुझू एंजिन घेऊन अलिबागेच्या चिंकारा कंपनीने लोटस सेव्हनच्या धर्तीची रोडस्टर बनविली. अर्थात असले काम महाराष्ट्रातील कारागिरांच्या हातून होत नाही असे कोणी म्हणू नये.

मग एखाद्या हौशी माणसाने हे आपल्या घरी करावे काय? आजचा कायदा म्हणतो, करू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, कारखान्याने नमूद केलेल्या आणि नोंदणीपुस्तकात उतरलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. वर सांगितलेल्या कापलेल्या नळ्या आणि सैल पडलेले ब्रेक डोळ्यांपुढे आणले म्हणजे ही बंदी जुलमी आहे असे आम्हांस म्हणवत नाही.

तरीही ती अपुरी आहे असे आमचे मत आहे. त्याच कलमात पेट्रोलच्या मोटारीस वायूवर किंवा विजेवर चालविण्यासाठी संच बसविण्याची मोकळीक आहे, मात्र तो संच मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेला असला पाहिजे. अशी तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, १९६६ साली स्थापन झालेली, पुण्यातच आहे. म्हणजे बदल तपासून त्यास संमती देण्याची रीत आपल्या कायद्यास परकी नाही. मग एकेकट्याने जुळविलेल्या मोटारीसाठी तशी वाट का असू नये? इंग्लंडात १९९८ पासून अशा प्रत्येक मोटारीची स्वतंत्र परीक्षा सुरू झाली, २००९ साली ती अधिक कडक झाली. परीक्षक ब्रेक पाहतात, स्टिअरिंग पाहतात, धूर आणि आवाज मोजतात, बाहेरच्या कडा पादचाऱ्यास कापतील इतक्या धारदार तर नाहीत, हेही पाहतात. उत्तीर्ण झाली तर नोंदणी. नाही तर घरी जाऊन दुरुस्त करून पुन्हा या.

तेथील नोंदणी खात्याची आणखी एक रीत आम्हांस मोठी बोधप्रद वाटली. फार बदललेली मोटार मूळचीच समजावी की नवी, हे ठरविण्यास त्यांनी अनेक वर्षे गुण देण्याची पद्धत ठेवली होती. मूळचा सांगाडा असेल तर पाच गुण. स्प्रिंगांची रचना, ॲक्सल, गिअर आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. आणि एंजिनास किती? एक! चौदांपैकी आठ गुण पडले तर मूळ नोंदणी टिके. मोटारीची ओळख ठरविण्यापुरतेच हे गुण होते, सुरक्षिततेचे नव्हेत, हे खरे. पण ज्या वस्तूबद्दल आमचे पालक आणि विद्यार्थी प्रथम विचारतात, तिला त्या खात्याने सर्वांत कमी गुण दिले होते.

काही जण म्हणतील, परीक्षेचा खर्च कोण करणार, आणि असल्या मोटारी हव्यात कोणास? हौशी लोक थोडेच आहेत, हे कबूल. परंतु उद्यमबागेतील ओतशाळांत आणि यंत्रशाळांत काम करणारे पुष्कळ पालक या मासिकाचे वाचक आहेत. दिलेल्या मापाबरहुकूम लोखंड ओतण्याची आणि कातण्याची विद्या त्यांच्या हातात आहे. दुसऱ्याने दिलेल्या नकाशावर ते आयुष्यभर काम करतात. त्यांच्या मुलांनी स्वतःचा नकाशा काढावा, त्याप्रमाणे मोटार जुळवावी आणि ती जाणत्या परीक्षकापुढे उभी करावी, एवढी वाट उघडी असली तर किती मुले त्या वाटेने जातील, कोण जाणे! आज मात्र त्यांना दोनच मार्ग आहेत : चोरून करणे किंवा न करणे. चोरून करणारा ब्रेकवर पैसे खर्च करीत नाही, कारण ते कोणी तपासणार नाही हे त्यास ठाऊक असते.

परीक्षेची वाट उघडेपर्यंत शाळेच्या कार्यशाळेत, घोडीवर चढविलेल्या सांगाड्यावर, रस्त्यावर एक पाऊलही न नेता, हे सर्व शिकता येण्यासारखे आहे. तेथे नळी कापून पाहावी, सांगाडा एका टोकास आवळून दुसऱ्या टोकास वजने टांगावीत, तो किती पिळवटतो ते मोजावे आणि मग तिरपी नळी पुन्हा जोडून पुन्हा मोजावे. यास फार पैसा लागत नाही.

आमच्या विद्यार्थ्याच्या त्या आराखड्यात ब्रेकच्या तेलाची नळी कोठून जाते ते दाखविलेले नव्हते. पुढील प्रदर्शनात ती लाल शाईने दाखवावी, आणि पुढच्या चाकांवर किती किलो भार येतो तो आकडा चाकाशेजारी लिहावा, असे आम्ही त्यास सांगितले आहे. एंजिन केवढे घ्यावयाचे, ते त्यानंतर त्याने खुशाल ठरवावे.